बियाण्याचे भात

धर्माविषयीच्या आपल्याकडच्या कुठल्याही चर्चेत एक वाक्य ठरल्यासारखे येते: सार घ्यावे, फोल टाकावे. मूर्ती, व्रत, सोवळे, नैवेद्य, पोथी, माळ हे सगळे वरचे टरफल. आत प्रेम, सत्य, करुणा किंवा आत्मज्ञान हा दाणा. तेव्हा शहाण्याने टरफल काढून दाणा तेवढा ठेवावा. असे म्हणणारे बहुधा प्रामाणिक असतात, आणि कर्मकांडाच्या ओझ्याखाली माणसे कशी वाकली हे ज्याला ठाऊक आहे तो त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकणार नाही. पण ही उपमा ज्या वस्तूवरून आली त्या भाताकडे नीट पाहिले, तर ते वेगळीच साक्ष देते. न्यायशास्त्रात दृष्टान्त वादी आणि प्रतिवादी दोघांनाही मान्य असावा लागतो. आणि एकदा मान्य केल्यावर त्यातला आपल्या सोयीचा तुकडा तेवढा उचलणे बरे नव्हे. तूस काढावे की ठेवावे हे तुसाकडे पाहून ठरत नाही, तांदळाकडे पाहूनही ठरत नाही. दाणा कशासाठी हवा आहे, यावर ते ठरते, असे माझे म्हणणे आहे. खायचा किंवा देवापुढे ठेवायचा दाणा सडावा लागतो, पेरायचा दाणा तुसासकट राखावा लागतो. आणि धर्म आपण जगायचा तसाच पुढच्यांच्या हाती द्यायचा असेल, तर घरात दोन्ही प्रकारचे धान्य हवे.

भाताच्या लोंबीत तूस आधी तयार होते, दाणा मागाहून. फुलोऱ्यात दोन खोलगट फाका उघडतात, परागण होते, फाका मिटतात आणि त्या मिटलेल्या पोकळीत दूध भरू लागते. पोकळी जेवढी, दाणा तेवढाच. तुसाने आखून दिलेल्या मापाबाहेर तो जात नाही. दूध भरलेच नाही तर बाहेरून धडधाकट दिसणारे तूस पोचट राहते. हे आवरण भलतेच चिवट असते. त्यात वाळूत असते ती सिलिका भरपूर असते, त्यामुळे किडीला ते कुरतडणे जड जाते आणि गुरांना पचवणे. भाताच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तुसातच जातो. फाकांच्या कडा एकमेकींत अशा अडकलेल्या असतात की गहू मळणीतच सुटा होतो तसे भाताचे होत नाही. मळणीनंतरही खरे काम शिल्लक राहते. कोकणात ते घिरटीवर भरडायचे, उखळात मुसळाने सडायचे आणि सुपाने पाखडायचे. एकदा सडले की एकसडी, पुन्हा सडले की दुसडी. यात एक बारकावा आहे. मुसळाचा घाव काही प्रत्येक दाण्यावर पडत नाही. घावासरशी खालचे-वरचे दाणे एकमेकांवर घासले जातात आणि पुष्कळसे तूस त्या घासण्यानेच सुटते. उखळात दाणे फार कमी असले तर घाव थेट बसतो आणि तांदळाची कणी होते. पाखडताना सुपाला झटका बसतो तसे तूस पुढच्या कडेवरून उडून जाते आणि जड तांदूळ मागे बाईच्या हाताकडे सरकतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केले. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला-कांडायला बसतो, त्यामागे हेच रोजचे कष्ट आहेत.

या साध्या कामावर भारतीय तत्त्वज्ञांनी जेवढा विचार केला तेवढा क्वचितच दुसऱ्या घरगुती कामावर केला असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागात पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, भात लागते आणि ते कांडावे असा विधी आहे. वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांना प्रश्न पडला: हे सांगायची गरज काय? तूस काढल्याशिवाय पीठ होणार नाही, एवढे वेदाशिवायही कळते. शिवाय तूस नखानेसुद्धा सोलता येते. त्यांनी उत्तर दिले ते असे. दोन वाटा मोकळ्या असताना माणूस मनाला येईल ती धरेल. तिथे एकच वाट धरायला लावतो तो नियमविधी. लौगाक्षी भास्करांचा अर्थसंग्रह आणि आपदेवांचा मीमांसान्यायप्रकाश ही दोन्ही पुस्तके नियमविधी शिकवताना कांडण्याचेच उदाहरण घेतात, आणि आपदेव तर एकनाथांच्या वंशातले मानले जातात. नखाने निघो की मुसळाने, तांदूळ तोच. म्हणजे वाट ठरवून देण्याचे डोळ्यांना दिसणारे फळ काही नाही. म्हणून तिचे न दिसणारे फळ, नियमापूर्व, मानले पाहिजे.

आजचा वाचक इथे अडतो. त्याला वाटते, कर्मकांड म्हणतात ते हेच. पण मीमांसक एवढ्यावर थांबत नाहीत, आणि पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. कांडणे तूस निघेपर्यंत चालले पाहिजे, असे ते म्हणतात. एक घाव घालून विधी उरकला असे चालत नाही, कारण या कामाला दिसणारे प्रयोजन आहे. आणि जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या दहाव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग चर्चेला येतो. एका इष्टीत धान्याऐवजी सोन्याचे बारीक तुकडे, कृष्णले, शिजवायचे असतात. मूळ यागाची सगळी अंगे तिथे ओघाने येतात, तेव्हा कांडणेही यायला हवे. मीमांसक म्हणतात, येत नाही. सोन्याला तूस नाही. ज्यासाठी कांडायचे तेच नाही, मग कांडणे गळून पडते. विधीच्या सर्वांत कडव्या पुरस्कर्त्यांनी दिलेला हा निर्णय आहे. काढायला काही नसेल तर मुसळ उचलू नये, हे त्यांना मान्य आहे. पण काढायचे असेल तर लहरीप्रमाणे नखांनी टोकरत बसू नये, हेही त्यांचे म्हणणे आहे. तुसाचीही त्या यागात व्यवस्था लावलेली आहे: पुरोडाश भाजायच्या खापरातूनच ते राक्षसांचा भाग म्हणून टाकायचे. त्यावरही मीमांसक बजावतात की खापर पुरोडाशासाठी आणलेले आहे, तुसाचे काम त्यावर भागवून घ्यायचे, तुसासाठी म्हणून वेगळे खापर आणायचे नाही. मुख्य काय आणि गौण काय याचे इतके स्पष्ट भान असलेल्या परंपरेला आंधळे कर्मकांड म्हणणे अन्यायाचे आहे.

ज्ञानमार्गी मंडळींनी हेच उखळ आत नेले. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात देहादी कोश हे तूस आणि युक्ती हे कांडण ठरते. विचाराचे घाव घालून आत्मा निवडून घ्यायचा. अभिनवगुप्तांच्या परमार्थसारात तुसाच्या आतला, तांदळालाच घट्ट चिकटलेला कोंडाही हिशेबात येतो, कारण काही आवरणे इतकी जवळची असतात की ती आवरणे वाटतच नाहीत. शैव सिद्धान्ती आणि काश्मिरी अद्वैती यांचे या तुसावरून गंभीर भांडण होते. सिद्धान्त्यांच्या मते जिवावरचा मळ ही खरीखुरी वस्तू आहे, तेव्हा ती नुसती जाणल्याने निघणार नाही. मोतीबिंदू ओळखला म्हणून दिसू लागत नाही, शस्त्रक्रियाच लागते, तशी इथे दीक्षेची क्रिया लागते. अद्वैती म्हणतात, मळ म्हणजेच अज्ञान, आणि अज्ञान ज्ञानानेच जाईल. भागवताच्या दहाव्या स्कंधात ब्रह्मदेवाच्या स्तुतीत तर उपमा ज्ञानमार्गावरच उलटवली आहे: भक्ती सोडून कोरड्या ज्ञानासाठी झिजणाऱ्याच्या हाती, रिकामे तूस कांडणाऱ्यासारखे, कष्ट तेवढे उरतात. एका पक्षाचा दाणा दुसऱ्या पक्षाला तूस वाटतो. ज्ञानी माणसाला पूजा तूस वाटते, भक्ताला ज्ञान. सार आणि फोल यांची सीमा दाण्यावर आधीच आखलेली असती, तर हे झाले नसते.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, साधनपादाच्या तेराव्या सूत्रावर, या उपमेचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा वापर आहे. तिथे म्हटले आहे की तांदळाचे दाणे तुसात आहेत आणि भाजलेले नाहीत तोवर रुजतात. तूस काढले किंवा बीज भाजले की रुजत नाहीत. तसेच क्लेशांनी वेढलेले कर्म पुन्हा जन्म देते. भाष्यकाराला पुनर्जन्म थांबवायचा आहे, म्हणून तूस काढणे त्याला इष्ट आहे. पण बोलता बोलता तो तुसाचे खरे काम सांगून जातो. सातत्य तुसाजवळ आहे. पुढे चालू राहण्याची शक्ती आतल्या शुद्ध गराच्या वाट्याला आलेली नाही. आवरणासकट असलेल्या दाण्याच्या वाट्याला आली आहे.

यावर वनस्पतिशास्त्र जाणणारा आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे: नुसते तूस हलक्या हाताने सोलले तर आतला तपकिरी तांदूळ पाण्यात भिजवल्यावर मोड आणतो. भाष्यकाराचे विधान प्रयोगशाळेत जसेच्या तसे टिकत नाही. परंतु भाष्यकारासमोर उखळातला तांदूळ होता. पांढऱ्या तांदळाचा एक दाणा तळहातावर घेऊन पाहावा. एका टोकाला तिरकी, लहानशी खाच दिसते. अंकुर तिथे होता. सडताना, घासताना सर्वांत आधी तोच निखळतो आणि कोंड्याबरोबर जातो. नखाने सोललेला तो तपकिरी दाणाही शेतात पेरायला, वर्षभर साठवायला कोणी वापरत नाही. ओल, बुरशी, कीड यांच्यापुढे तो उघडा पडलेला असतो. एक-दोन दाणे जपून रुजवता येतील, शेत लावता येणार नाही. अपवादात्मक साधक कुठल्याही विधीशिवाय, पोथीशिवाय सत्यापर्यंत पोचतो हे मला मान्य आहे. जैन आचार्य कुंदकुंदांच्या भावपाहुडात शिवभूती मुनींचा उल्लेख आहे. शास्त्र शिकणे ज्यांना जमले नाही, ते उडीद आणि त्याची साल यांचे दोन शब्द घोकता घोकता केवलज्ञानी झाले. पण शिवभूतींनाही ते दोन शब्द लागले, आणि त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती गाथा, टीका आणि संघ यांच्या आवरणात राहून.

आपल्या विधींना हा भेद चांगला ठाऊक आहे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, तिथे सडलेले तांदूळ कोणी टाकत नाही. लग्नात डोक्यावर पडतात त्या अक्षता सडलेल्या, पण अखंड दाण्यांच्या. तुटका दाणा चालत नाही, म्हणजे तूस काढावे पण दाण्याला इजा होऊ नये. त्याच लग्नात लाजाहोमाला लाह्या लागतात, आणि त्या तुसासकटच्या भाताच्याच करतात. तापवल्यावर आतली वाफ तुसाने कोंडून धरली म्हणून दाणा फुलतो, आणि फुलताना तूस आपणच गळते. कोकणात दारावर नवे बांधतात ते अख्ख्या लोंब्यांचे, आणि पानात वाढतात तो नव्या तांदळाचा भात. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत कणसांच्या फेस्ताला चर्चमध्ये आशीर्वाद देतात तो अख्ख्या कणसांना. एकाच धान्याला या सगळ्यांनी जागेप्रमाणे तूस ठेवले किंवा काढले आहे.

तूस कुठवर काढायचे, हा प्रश्न त्याहून अवघड. विसाव्या शतकाच्या तोंडावर वाफेच्या गिरण्यांनी पूर्व आशियात तांदूळ इतका पांढरा केला की त्याबरोबर बेरीबेरी हा रोग पसरला. पाय सुजत, लुळे पडत, हृदय थांबे. जावा बेटावर बटाव्हियात डच वैद्य क्रिस्तियान आयकमान यांनी पाहिले की पांढऱ्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. त्यांनी आधी अनुमान केले ते असे, की पांढऱ्या गरात काही विष आहे आणि कोंडा त्यावरचा उतारा आहे. १९०१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्राइन्स यांनी ते उलटे करून पाहिले: गरात विष नाही, जे काढून टाकले त्यातच शरीराला हवे असलेले काही होते. पुढे त्याला जीवनसत्त्व ब-१ हे नाव मिळाले, आणि १९२९ मध्ये आयकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळात भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. त्यात ही सत्त्वे सडण्याआधीच कोंड्यातून आत गरात उतरतात आणि तूसही सैल होते. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. आवरणातले जे घेण्याजोगे आहे ते आधी आत मुरू द्यायचे आणि मगच आवरण काढायचे. व्रतातला संयम, वारीतली सहवासाची सवय, रोज ठरल्या वेळी बसण्याची शिस्त अंगात मुरायच्या आत ज्यांनी ते सोडले, त्यांच्याजवळ तत्त्व उरते. पण पुष्कळदा ते तत्त्व त्यांना संकटात उभे करू शकत नाही. तेव्हा तत्त्वातच दोष असल्याचे अनुमान निघते, आणि आयकमानांची पहिली चूक पुन्हा होते.

उपमेवरून काहीच सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, म्हणून इतिहासाकडे यावे. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने सार तेवढे घेण्याचा प्रयत्न मनापासून केला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यात होती, तुकोबांचे अभंग प्रार्थनेला होते, मूर्तिपूजा नव्हती, जातिभेद अमान्य होता. त्या विचारांचे ऋण महाराष्ट्र फेडू शकणार नाही. पण समाज म्हणून तो शिकलेल्या थोड्या घरांपलीकडे फारसा गेला नाही. याला वर्गाची आणि शिक्षणाची कारणेही आहेत, ती मी नाकारत नाही. तरी लग्न, बारसे, मरण, सणवार यांत घराघराने हाताने काय करावे याचे बळकट रूप तिथे अपुरे पडले, हेही एक कारण असावे. याच्याशेजारी १८७३ चा सत्यशोधक समाज ठेवावा. महात्मा फुल्यांनी भटजी काढला, लग्न काढले नाही. त्यांनी नवी मंगलाष्टके रचली आणि वधूवरांच्या तोंडी एकमेकांना द्यायची वचने घातली. सत्य आणि समता हा त्यांचा दाणा होता, पण खेड्यापाड्यांत गेला तो विवाहविधीसकट.

सर्वांत कडक आक्षेप आता येतो, आणि तो टाळून हा विचार पुढे नेणे मला बरोबर वाटत नाही. तुसाचे गुणगान म्हणजे शेवटी अस्पृश्यता, सोवळे, विधवांचे हाल यांचेच समर्थन नव्हे काय? परंपरा टिकवायची म्हणून हेही राखायचे काय? नाही. उखळाजवळच्या बाईला सडणे आणि निवडणे यांतला फरक कळतो. तांदळातला खडा हे तूस नव्हे. तो त्या रोपावर वाढला नाही, दाण्याला त्याने कधी राखले नाही, बियाण्यातही तो कोणी ठेवत नाही. तो दात तोडतो. तो काढायला मुहूर्त लागत नाही. यावर प्रत्युत्तर येईल की जात ही खड्यासारखी सुटी नाही, ती दाण्यातच भिनलेली आहे, कीड लागलेले बी कितीही निवडले तरी तीच कीड उगवणार. या प्रत्युत्तरात तथ्य आहे, असे मला वाटते. डॉ. आंबेडकरांचा निष्कर्ष तोच होता. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या निबंधात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म वेगळे केले, आणि नियमांचा धर्म मोडलाच पाहिजे असे सांगितले. वरवर पाहता माझ्या म्हणण्याविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे: तत्त्व ठेवा, बाकीचे टाका.

पण वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी काय केले ते पाहावे. त्यांनी बी बदलले. आणि ते देताना समता, प्रज्ञा, करुणा असे नुसते तीन शब्द हातावर ठेवले नाहीत. स्वतः भिक्षू चंद्रमणींकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, मग समोरच्या लाखोंकडून तेच म्हणवून घेतले, वर बावीस प्रतिज्ञा उच्चारून घेतल्या. पांढरी वस्त्रे होती, पाली शब्द होते, उभे राहून, मोठ्याने, सर्वांनी एकत्र बोलायचे होते. या प्रतिज्ञांतल्या कित्येक जुने सोडण्याच्या आहेत, काही नवे धरण्याच्या आहेत. सगळ्या पाठ करता येतील अशा आहेत. नियमांच्या धर्मावर इतका कठोर प्रहार करणाऱ्या विचारवंताला तत्त्व घराघरात पोचवायची वेळ आली तेव्हा ठरलेले शब्द आणि ठरलेली कृती यांची गरज भासली, हे मला फार बोलके वाटते. आज एखाद्या वस्तीत लग्नाच्या आधी त्रिशरण म्हटले जाते तेव्हा पुढे बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला त्या पाली ओळी तोंडपाठ असतात आणि अर्थ बहुधा ठाऊक नसतो. तो तिला शाळा-कॉलेजच्या वयात, वाचनातून, वादातून, आईबापांशी भांडूनसुद्धा कळेल. त्यातल्या कोणत्या ओळीचे तिला पुढे काय करायचे आहे, हे तेव्हा तिचे तिने ठरवायचे आहे. आणि ठरवायला काही हाती असावे म्हणून त्या ओळी आज तिच्या तोंडी घातल्या आहेत.